गोळी घेतली म्हणजे विश्वास कमी पडला का?

राहुरीची_शिक्षिका

सगळ्यांना सलाम. बरेच दिवस इथलं नुसतं वाचत होते, आज लिहितेय. नाव सांगत नाही. गाव लहान आहे आणि आमच्या मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, दोघं-तिघं इथे असतात हे मला माहीत आहे.

मी झेडपीच्या शाळेत तिसरीचा वर्ग घेते. वय ३६. अकरा वर्षं शब्बाथशाळा (मुलांची बायबलशाळा) शिकवतेय आणि रविवारच्या उपासनेला पेटी वाजवते. पेटी आजोबांची, ते गावोगाव ख्रिस्ती कीर्तन करायचे. हे एवढ्यासाठी सांगितलं की मी नावापुरती ख्रिस्ती नाही. आमच्या घरी संध्याकाळची प्रार्थना झाल्याशिवाय ताटं वाढत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये मला मुलगा झाला. सातव्या महिन्यातच, सिझर करून. तो दोन दिवस होता. मी एका दवाखान्यात, मला रक्त चढत होतं. तो दुसऱ्या दवाखान्यात, काचेच्या पेटीत. मी नीट शुद्धीवर आले तोपर्यंत मिस्टर आणि दीर त्याला दफनभूमीत ठेवून आले होते. मी त्याला पाहिलंच नाही. सगळ्या म्हणाल्या, बरं झालं, पाहिलं असतंस तर जास्त लागलं असतं. भेटायला येणारा प्रत्येक जण बायबलमधल्या ईयोबाचं ते वाक्य म्हणायचा, परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले. मीही मान हलवायचे. रजा संपली, शाळेत रुजू झाले, पेटीवरही बसले. मंडळीत माझी साक्ष झाली की बघा, बाईंनी कसं धैर्याने घेतलं.

दीड वर्षानंतर हे सुरू झालं. मागच्या दिवाळीपासून. पहाटे तीनला डोळे उघडतात ते उघडेच. उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून कारखान्याकडे जातात, एक गेला की दुसऱ्याची वाट बघत पडून राहायचं. हजेरी घेताना अर्ध्यात थांबायचे, मुलं आपली 'हजर' म्हणायला ताटकळलेली. माझी मुलगी आठ वर्षांची आहे. तिची वेणी घालताना हात थांबायचा आणि ती हळूच म्हणायची, "मम्मी, पुढे." चार महिन्यांत नऊ किलो वजन उतरलं. आणि प्रार्थना होईना. गुडघे टेकले की आत नुसतं रिकामं. प्रभू रागावलाय असंसुद्धा नाही, तिथे कोणी नाहीच, असं.

गावातल्या डॉक्टरांनी थायरॉईड, बी-१२, हिमोग्लोबिन सगळं बघितलं. हिमोग्लोबिन थोडं कमी, बाकी ठीक. त्यांनीच नगरच्या मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी डिप्रेशन आहे असं सांगून एस्सिटालोप्राम लिहून दिली, आधी ५, मग १० मिलीग्रॅम. आठवड्यातून एकदा त्यांच्याच इथल्या समुपदेशक बाईंशी बोलायचं असंही म्हणाले. बाईंकडे मी दोनदाच गेले. त्यांच्या टेबलावर गणपती आहे. त्या चांगल्या बोलल्या, पण मला सारखं वाटत राहिलं की यांना माझं काय कळणार, आणि मी इथे बसले तर हळूहळू कुठे वाहवत जाईन.

गोळ्या मात्र सात आठवडे घेतल्या. पाचव्या आठवड्यात एका रात्री साडेपाचपर्यंत झोप लागली. वेणी पूर्ण व्हायला लागली.

मग आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, पाकीट सापडलं. त्या वाईट नाहीत, माझ्यासाठी रोज उपास-प्रार्थना करतात. त्यांनी घरसभेतल्या बहिणींना सांगितलं. त्याच आठवड्यात बाहेरगावचा एक प्रचारक आला होता. त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि सगळ्यांदेखत म्हणाला, हा दुःखाचा आत्मा आहे, बाईंच्या विश्वासाला तडा आहे म्हणून तो आत शिरलाय, ज्या हाताने गोळी घेता त्या हाताने प्रभूला धरता येत नाही. मी त्याच रात्री उरलेल्या गोळ्या कालव्यात टाकल्या. तीन दिवस उपास धरला. दुसऱ्या दिवसापासून चक्कर, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं, विनाकारण रडू. बहिणी म्हणाल्या, आत्मा निघतोय, धीर धर.

याला आज तीन आठवडे झाले. झटके थांबले. बाकी सगळं परत आलं, पहिल्यापेक्षा जास्त.

गोळी घेतली म्हणजे मी प्रभूला सोडलं असं होतं का? शाळेत कळलं तर काय होईल ही भीती वेगळीच. आणि एक गोष्ट मिस्टरांनाही सांगितली नाही. रात्री वाटतं की झोपले ते उठूच नये. स्वतःला काही करायचं असं नाही, मुलगी आहे माझी. पण हे वाटतं, आणि हे वाटणं पाप आहे का तेही कळेना.

मिरजेचा_औषधवाला

ताई, शेवटून सुरुवात करतो. उठूच नये असं वाटतं हे आज रात्रीच मिस्टरांना सांगा. उद्यावर ढकलू नका. हे आजाराचं लक्षण आहे, ताप आल्यावर अंग तापतं तसं, आणि डॉक्टरांना ते कळणं फार गरजेचं आहे. जास्त वाटलं, किंवा स्वतःला काही करावं असं मनात आलं, तर १४४१६ लावा. टेलिमानस नावाची सरकारी सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं.

आता गोळीचं. मी सतरा वर्षं मेडिकल चालवतो. तुम्ही सांगितले ते झटके आणि चक्कर म्हणजे कुठला आत्मा निघणं नव्हे. या जातीच्या गोळ्या सात-आठ आठवडे घेऊन एकदम बंद केल्या की असं होतं. डॉक्टरही त्या हळूहळू कमी करत बंद करतात ते याचसाठी. उपाशीपोटी तर त्रास अजून वाढला असणार. माझ्या दुकानात येऊन कोणी सांगितलं असतं तर त्याच मिनिटाला डॉक्टरांना फोन लावायला सांगितलं असतं.

तुम्हाला पाचव्या आठवड्यात फरक पडला, तो योगायोग नाही. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, काहींना सहा. पण आता आपल्या मनाने परत १० ची सुरू करू नका. तीन आठवड्यांचा खंड पडलाय, डॉक्टर बहुधा पुन्हा कमी डोसपासून नेतील. त्यांना खरं काय झालं ते सांगा, कालव्यासकट. ते रागावणार नाहीत, असे पेशंट त्यांना रोज भेटतात. आणि बरं वाटलं तरी पुढे काही महिने घ्यायची असते, ते त्यांना आधीच विचारून ठेवा म्हणजे मध्येच कोणी 'आता कशाला' म्हणालं तर उत्तर तयार असेल. सवय लागेल ही भीतीही काढून टाका. सवय लागू शकते ती झोपेच्या काही गोळ्यांची, ही गोळी त्यातली नाही.

खर्चाचं ओझं असेल तर जनऔषधी केंद्रात बघा, तिथे बरीच स्वस्त पडते. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचाराचे डॉक्टर असतात.

शाळेचं म्हणाल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुमची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क तुम्हाला दिलाय. डॉक्टर मुख्याध्यापकांना फोन करून सांगत नसतात.

मी ख्रिस्ती नाही, तेव्हा विश्वासाचं मी बोलू नये. पण आमच्या मिरजेला दवाखान्यांचं गाव कुणी केलं? १८९० च्या दशकात डॉक्टर वानलेस नावाचा मिशनरी इथे आला आणि त्याने ऑपरेशनं सुरू केली. माझ्या आजीचा मोतीबिंदू मिशनच्या दवाखान्यात काढला होता. आजी सांगायची, ऑपरेशनच्या आधी डॉक्टर डोळे मिटून प्रार्थना करायचे आणि मग सुरी हातात घ्यायचे. एवढंच मला माहीत आहे.

साक्षीदार_जालना

बहिणी, प्रभू येशूच्या नावात सलाम. मी स्वतः साक्ष देतो की चौदा वर्षांची दारू एका रात्रीच्या प्रार्थनेत सुटली, कुठला डॉक्टर लागला नाही. मनुष्यावर भिस्त ठेवू नये असं शास्त्र सांगतं. औषधवाले भाऊ आपल्या परीने बरोबर असतील, पण आत्म्याच्या दुखण्याचं औषध मेडिकलमध्ये मिळत नाही. अजून सात दिवस उपास धर. मी इकडून धरतो. प्रभू उशीर करतो पण येतो.

निवृत्त_पाळक

मुली, सलाम. जालन्याच्या भावालाही सलाम. त्यांची दारू प्रभूने सोडवली यावर माझा पूर्ण विश्वास आहे, मी अशी माणसं पाहिली आहेत. पण भाऊ, अन्न जात नाही म्हणून नऊ किलो उतरलेल्या बाईला अजून सात दिवस उपाशी राहायला सांगू नका. हे मी अधिकाराने म्हणत नाही. मी स्वतः हेच करून बसलोय, म्हणून म्हणतो.

तेहतीस वर्षं पाळकपण केलं, मराठवाड्यात आणि नगर जिल्ह्यात. पंचवीसेक वर्षांपूर्वी माझ्या मंडळीत एक तरुण होता. गायनमंडळात तबला वाजवायचा. वर्षभर त्याचं कशातच मन लागेना. त्याचे वडील त्याला घेऊन माझ्याकडे आले, खिशात डॉक्टरांची चिठ्ठी होती. मी ती वाचली, घडी घालून परत दिली आणि म्हणालो, आधी गुडघ्यांवर या, मग बघू. मला वाटलं मी विश्वासाचं बोलतोय. दोन महिन्यांनी त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला. देवाची कृपा, वाचला. दवाखान्यात त्याच्या खाटेजवळ गेलो तर त्याने मला पहिलं विचारलं, "पाळकसाहेब, मी प्रार्थना कुठे चुकीची केली?" त्या पोराला वाटत होतं की त्याची परीक्षा होती आणि तो नापास झाला. हे मी त्याच्या डोक्यात घातलं होतं. त्याला वेलूरला नेलं, मी आणि त्याचे वडील. तिथल्या ख्रिस्ती मेडिकल कॉलेजात मानसिक आजारांचा मोठा विभाग आहे, पेशंटबरोबर घरच्या माणसालाही ठेवून घेतात. सकाळी प्रार्थना व्हायची आणि मग गोळ्या मिळायच्या. मला पहिले दोन दिवस ते विचित्र वाटलं. तिसऱ्या दिवशी लाज वाटली. तो मुलगा आज दोन लेकरांचा बाप आहे, तबला अजून वाजवतो.

तू विचारलंस, गोळी घेतली म्हणजे प्रभूला सोडलं का. बायबलमधल्या २ राजे या पुस्तकाचा विसावा अध्याय उघड. हिज्कीया राजा मरायला टेकलाय. तो रडतो, भिंतीकडे तोंड करून प्रार्थना करतो. यशया संदेष्टा अंगणाच्या मध्यापर्यंतही गेलेला नाही तोच देवाचं वचन येतं की मी तुझी प्रार्थना ऐकली, तुझे अश्रू पाहिले, तुला बरं करतो, तुझ्या आयुष्यात पंधरा वर्षं वाढवतो. वचन मिळालं, तारीख मिळाली. आणि लगेच पुढच्या वाक्यात यशया काय सांगतो? अंजिराची ढेप आणा. ती गळवावर बांधली आणि राजा बरा झाला. ज्याच्याकडे देवाचं सरळ वचन होतं, त्यालाही अंजीर बांधावा लागला, आणि तो बांधायला संदेष्ट्यानेच सांगितलं. या ओळीवर मी तेहतीस वर्षांत एकदाही उपदेश केला नव्हता. वेलूरहून आल्यावर केला.

आणि तुझ्या रात्रीच्या विचाराबद्दल. एलीया संदेष्ट्याने रतामाच्या झुडुपाखाली बसून हेच मागितलं होतं की आता पुरे, माझा जीव घे. कर्मेल डोंगरावर अग्नी उतरवून आलेला माणूस हा. देवाने त्याला पापी म्हटलं नाही. झोपू दिलं, दूतासोबत भाकर आणि पाणी पाठवलं, परत झोपू दिलं, परत खायला घातलं. काय बोलायचं ते त्यानंतर, होरेब डोंगराला पोचल्यावर. स्तोत्र ८८ वाच, ते अंधारातच संपतं. शेवटी 'तरी मी स्तुती करीन' वगैरे काही नाही, आणि तरी ते शास्त्रात आहे. तुझी रिकामी प्रार्थनासुद्धा त्यात बसते. तुला स्तोत्र म्हणवत नसेल तर म्हणू नकोस, मंडळी तुझ्यासाठी म्हणेल.

आमच्या लोकांना इंग्रज उपदेशकांचं फार कौतुक असतं म्हणून हेही सांगतो. चार्ल्स स्पर्जनचं नाव सगळ्यांनी ऐकलंय. १८५६ मध्ये लंडनच्या एका मोठ्या सभागृहात त्याची उपासना चालू असताना कुणीतरी आग लागल्याची खोटी ओरड केली. चेंगराचेंगरीत सात माणसं मेली. तो बावीस वर्षांचा होता. त्यानंतर त्याला खिन्नतेने जे गाठलं ते आयुष्यभर अधूनमधून येत राहिलं, आणि त्याने ते व्यासपीठावरून लपवलं नाही. त्याच्या विश्वासाला तडा होता असं ज्याला म्हणायचं असेल त्याने म्हणावं.

पण मुली, तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि माझं मन दुसऱ्याच जागी अडकलं. तू मुलाला पाहिलं नाहीस. तू लिहिलंस की मिस्टर आणि दीर ठेवून आले. पाळक होते का? प्रार्थना झाली का? तो दोन दिवस होता, त्याचं नाव ठेवलं होतं का? शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात हन्ना मंदिरात रडत होती, ओठ हलत होते, आवाज येत नव्हता, आणि एली याजकाला वाटलं ही बाई प्यालेली आहे. मूल हवं म्हणून तळमळणाऱ्या बाईला समोर बसलेला याजक ओळखू शकला नाही. त्या प्रचारकाने तेच केलं. आम्ही पाळक लोक हे फार करतो. पण एलीचं एक बरं होतं, हन्नेने सांगितल्यावर त्याने ऐकलं आणि आपलं म्हणणं बदललं.

तुमच्या पाळकसाहेबांकडे जा. मिस्टरांना बरोबर घे. त्यांना सांग की आम्हाला दफनभूमीत जाऊन आमच्या मुलासाठी प्रार्थना करायची आहे, त्याच्या नावाने. दोन वर्षं झाली म्हणून उशीर झाला असं काही नसतं. तो हो म्हणेल. नाहीच म्हणाला तर इथे लिही, मी एसटीने येतो.

ही प्रार्थना औषधाच्या जागी नाही. औषध डॉक्टरांकडून, बोलणं त्या बाईंकडे, आणि हे मंडळीचं देणं आहे जे दोन वर्षांपासून थकलंय. मी दुःखी माणसाशेजारी बसू शकतो, त्याच्याबरोबर दवाखान्याच्या बाकड्यावर दुपार काढू शकतो. पण आजार कुठला, किती खोल, त्याला काय लागतं, हे मला शिकवलेलं नाही. शिकलेल्या माणसाकडे पाठवणं हे माझं काम होतं आणि मी ते एकदा केलं नाही.

वसईची_लेक

ताई, मी कॅथलिक आहे. आमच्याकडे घरसभेऐवजी रोझरीच्या, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेच्या, बायका असतात, पण 'देवावर सोड गो' हे तेच.

गणपतीबद्दल लिहायला आले. मला विरार-चर्चगेट लोकलमध्ये छातीत धडधड व्हायची, हात बधिर, आता मरते असं वाटायचं. तीनदा अंधेरीला उतरून बाकावर बसून राहिले. ईसीजी ठीक. ते पॅनिक अटॅक आहेत हे कळायला आठ महिने गेले. ज्या बाईंकडे मला पाठवलं त्या दादरच्या, देवघरात पूजा करून क्लिनिकला येणाऱ्या. मी पहिल्या दिवशी गळ्यातला क्रूस ब्लाउजच्या आत सरकवला होता. चौथ्या वेळी त्यांनीच विचारलं, घाबरल्यावर तुम्ही एरवी काय करता? मी म्हटलं, रोझरीचे मणी मोजते. त्या म्हणाल्या, मग गाडीत का नाही मोजत? आणि मणी आणि श्वास यांची जोडी त्यांनीच मला लावून दिली, एका मण्याला श्वास आत, एकाला बाहेर. एका हिंदू बाईने मला माझी रोझरी परत दिली. वहीत भीतीचे विचार लिहायचे, त्यापुढे खरं काय घडलं ते लिहायचं, तेही शिकवलं. पन्नास मिनिटं, आठवड्यातून एकदा, चौदा आठवडे. एकदाही धर्माविषयी चकार शब्द नाही.

तुम्ही त्यांना सरळ सांगा की माझा विश्वास माझ्यासाठी महत्त्वाचा आहे आणि मला भीती वाटते की इथे तो हलेल. हे सांगणं उद्धटपणा नाही. त्यांनी उडवून लावलं तर दुसऱ्या बघा, समुपदेशक बदलता येतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी आहे का तेही विचारता येतं. पण नुसत्या गणपतीवरून सोडू नका. तुमच्या वर्गातल्या मुलांच्या आया तुमच्या गळ्यातला क्रूस बघून मुलं शाळेतून काढतात का?

माझी आई मानेना तेव्हा मी तिला पोप फ्रान्सिस यांचं सांगितलं होतं. बेचाळीस वर्षांचे असताना ते अर्जेंटिनात सहा महिने, आठवड्यातून एकदा, एका ज्यू मनोविश्लेषक बाईंकडे जात होते. २०१७ मध्ये त्यांच्या मुलाखतींतून हे बाहेर आलं, आणि त्या बाईंनी आपल्याला खूप मदत केली असं ते म्हणाले. आई थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, तुझी पुढची वेळ कधी आहे, मी येते स्टेशनपर्यंत.

पाळकसाहेबांनी दफनभूमीचं लिहिलं ते वाचून मला रडू आलं. आमच्याकडे २ नोव्हेंबरला सगळं गाव कबरींवर मेणबत्त्या लावतं, लहान लेकरांच्या कबरींवरसुद्धा. माझ्या काकूचं बाळ चार दिवसांचं होतं, तिची मेणबत्ती एकोणतीस वर्षं चुकलेली नाही. तुमच्यात तशी रीत नसेल. पण तुम्ही लावली तर कोण अडवणार?

राहुरीची_शिक्षिका

सगळ्यांना सलाम. सव्वा महिन्याने लिहितेय, तुम्ही वाट बघितली असेल.

औषधवाले भाऊ, त्याच रात्री मिस्टरांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत, उठून दाराला आतून कडी लावली आणि रात्रभर माझा हात धरून बसले. सकाळी शाळेत फोन करून त्यांनीच माझी रजा टाकली आणि आम्ही नगरला गेलो. डॉक्टर रागावले नाहीत. ५ पासून परत सुरू केली, आता १० वर आहे. पहिल्या आठवड्यात मळमळ झाली, मग थांबली. झोप अजून पूर्ण नाही. चार-साडेचार होतात. कारखाना बंद झाला म्हणून ट्रॅक्टर नाहीत, नाहीतर कळलं असतं खरा फरक किती.

समुपदेशक बाईंना मी वसईच्या ताईंनी सांगितलं तसं सांगितलं. त्यांनी गणपतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "मला तुमच्या प्रार्थनेबद्दल काही माहीत नाही, तुम्ही सांगाल का?" मी सांगायला लागले ते पेटीवरून आजोबांच्या कीर्तनावर गेले आणि वेळ संपला. त्यानंतर तीनदा गेलेय. एकदा परीक्षांमुळे चुकलं. बाळाबद्दल अजून नीट बोलले नाही त्यांच्याशी, सुरुवात झालीय एवढंच.

जालन्याच्या भाऊ, तुम्ही माझ्यासाठी सात दिवस उपास धरला असेल हे मला माहीत आहे. प्रार्थना थांबवू नका. मी मात्र जेवतेय.

पाळकसाहेब, तुम्हाला एसटीने यावं लागलं नाही. आमचे पाळकसाहेब हो म्हणाले. पाळक नव्हते तेव्हा, तुम्ही बरोबर ओळखलंत, ते त्या आठवड्यात बाहेर होते आणि नंतर कोणी विषयच काढला नाही. त्यांना ते सांगताना त्यांचेच डोळे भरून आले. मागच्या शनिवारी संध्याकाळी गेलो. मिस्टर, दीर, जाऊ, माझी मुलगी आणि पाळकसाहेब. नक्की जागा कुठली यावर मिस्टर आणि दीर दोघं थोडा वेळ शोधत राहिले, बाभळीच्या बाजूला की भिंतीच्या. मग दिरांना सापडली, त्यांनी तेव्हा एक वीट उभी रोवून ठेवली होती. आम्ही नाव ठेवलं. ते इथे लिहीत नाही. मुलीने मेणबत्ती लावली, वाऱ्याने दोनदा विझली, तिसऱ्यांदा तिने हाताचा आडोसा करून धरली.

आत्याबाई आल्या नाहीत. गुडघे दुखतात म्हणाल्या. मी धरून चालले होते की त्यांना हे पटलेलं नाही, गोळ्यांचंही पटलेलं नाही, आणि त्या माझ्याशी आता असंच तुटक वागणार.

रात्री मी भांडी घासत होते. त्या ओट्याशी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, काय नाव ठेवलं? मी सांगितलं. त्यांनी ते एकदा स्वतःशी म्हणून बघितलं. मग म्हणाल्या, "मी त्याला धरलं होतं. काचेतून बाहेर काढल्यावर माझ्याकडेच दिला होता त्यांनी. तुला कधी सांगितलं नाही."

मी नळ बंद केला.

"केस होते त्याला," त्या म्हणाल्या. "पुष्कळ. मागे मानेवर आलेले. आणि हाताची बोटं लांब, तुझ्यासारखी, पेटी वाजवणाऱ्याची."

मग बराच वेळ आम्ही दोघी तिथेच बसलो, ओट्याखाली, फरशीवर. मी विचारत गेले आणि त्या सांगत गेल्या. कान कसे होते, रंग कसा होता, कपडा कुठला गुंडाळला होता. त्यांच्या लग्नातल्या पातळाचा तुकडा होता.